विहिरीवरचा फिरंगी दगड

अण्णा, परवा मी रेवदंड्याला जाऊन आले. गुडघे कुरकुरत होते, तरी पोर्तुगीजांच्या पडक्या आगरकोटात शिरले आणि तुम्ही आम्हाला उन्हात उभं करून इतिहास शिकवायचात तिथे बराच वेळ उभी राहिले. सातखणी मनोरा अजून उभा आहे. वरचे खण तर तुमच्या वेळीसुद्धा नव्हते. फिरंग्यांच्या देवळाची, म्हणजे सगळे चर्च म्हणतात आणि तुम्ही हट्टाने देऊळच म्हणायचात त्याची, एकच भिंत उरली आहे, आणि तिच्या सावलीत कुणी मासळीची जाळी वाळत घातली होती. मी तिथे तुमच्याशी बोलायला गेले होते, पण ते तिथे जमलं नाही. म्हणून घरी येऊन लिहायला बसले. तुम्ही जन्मभर शोधलात तो दगड कुठे होता, हे मला ठाऊक होतं. तुम्ही हिंडतफिरत होतात तेव्हाच ठाऊक होतं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शाळेत साखर वाटली, तुम्ही नवी टोपी घातली होतीत, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात म्हणालात की आता हे सगळं आपलं झालं, हा पडका कोटसुद्धा. गावाने त्याचा अर्थ आपल्या सोयीने घेतला. कोट आपला, तर दगडही आपलेच! रेवदंड्यात तशी आधीपासूनच रीत होती: घर बांधायचं ठरलं की जोत्याचा पहिला दगड कोटातून आणायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, आणि मग भटजींना मुहूर्त विचारायचा. फिरंग्याचा दगड कधी हलत नाही म्हणत. तो ज्या भिंतीतून काढायचा ती भिंत हलते, याचं कुणाला काही नव्हतं. तुम्ही एकटे बैलगाड्यांपुढे जाऊन उभे राहायचात. गाडीवान खाली उतरून तुमच्या पाया पडायचे आणि तुम्ही शाळेत गेलात की गाडी भरून न्यायचे. गावाने तुमचं नाव दगडमास्तर ठेवलं होतं. मला त्या नावाची लाज वाटायची, हेही आज सांगून टाकते.

पुढच्या उन्हाळ्यात आईचा पाटा डुगडुगत होता, म्हणून मी कोटातून पानांची नक्षी असलेला एक तुकडा उचलून आणला आणि पाट्याखाली सारला. आई खूश झाली. तुम्ही जेवायला बसलात, पहिला घास हातात घेतलात आणि तुमची नजर पाट्याखाली गेली. "हा जिथून उचललास तिथे ठेवून ये," तुम्ही म्हणालात. "जवळपास कुठे नाही. तिथेच." आई म्हणाली, "अहो, पोर उपाशी आहे, जेवू तरी द्या तिला." मी वैशाखात फुफाट्यातून अनवाणी रडत गेले, तुकडा ठेवला आणि परत आले. तुमचं ताट तसंच होतं. घास ताटात परत ठेवलेला, भात गार झालेला. माझं पान मांडल्यावरच तुम्ही जेवायला सुरुवात केलीत. तुमच्यावर रागवायचं तरी कसं, हे मला कधी कळलं नाही.

त्या देवळात म्हणे पूर्वी थडग्यावरचा एक मोठा दगड होता. तुम्ही लहानपणी तो वाळूत अर्धा रुतलेला पाहिला होता. वर फिरंगी अक्षरं, आणि अगदी खाली कोपऱ्यात बाळबोध अक्षरांची एक बारीक ओळ. ती दगड घडवणाऱ्या पाथरवटाच्या नावाची असणार, असं तुम्हाला मोठेपणी उमगलं, आणि तोवर दगड नाहीसा झाला होता. त्या एका नावासाठी तुमचा जीव तुटायचा. गाव म्हणायचं, फिरंग्यांनी बांधलं, पडेना का. तुम्ही म्हणायचात, हुकूम फिरंग्यांचा, हात आपले. ते नाव एकदा दाखवलं की कोटाला हात लावताना लोक दहादा विचार करतील. होडीने खाडी ओलांडून तुम्ही कोर्लईला गेलात, तिथल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांना विचारलंत. त्यांनीही तसा दगड होता एवढंच सांगितलं. मग तुम्ही घरोघरी जाऊन जोती तपासलीत, ओणवे होऊन, कंदील धरून. बायका पदराआड हसायच्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा, असं होणार बघ एक दिवस," तुम्ही मला म्हणायचात, आणि आपण दोघंही हसायचो.

माझं लग्न चौलात झालं. सासरची वाडी तुम्ही पाहिलीत: नारळीपोफळी, रहाटाची विहीर, रहाटाचं पाणी साठायची दगडी दोण आणि दोणीशेजारी धुण्याचा दगड. तो दगड दोन माणसांना उचलायचा नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्याखालची माती खचली आणि तो कलंडला. यांनी आणि वाडीतल्या गड्यांनी पहारी लावून तो उलटा केला, खालची माती धोपटली, आणि वजन फार म्हणून उलटाच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन गेले तर दगडावर अक्षरं! मी बादली तिथेच ठेवली आणि मातीने बुजलेली अक्षरं नखाने उकरत खाली खाली गेले. कोपऱ्यात बाळबोध ओळ होती. मला तशी धावत रेवदंड्याला यायची इच्छा झाली, अण्णा, खरंच झाली. मागून सासूबाई आल्या. त्या बिचाऱ्या वाईट नव्हत्या. माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या आजेसासऱ्यांनी आणलान तो, फिरंग्यांच्या थडग्यावरला हाय. म्हणून तर पालथा घातलावता. कुनापाशी बोलू नको गं बाय. तुझ्या नणंदेचं आता कुठं जमतंय. मसनातल्या दगडावर धुनी धुतात असं त्या लोकांच्या कानावर गेलं, तर कोन करून घेईल तिला?" मी विचारलं, "अण्णांना सांगू का? एकट्यांनाच?" त्या म्हणाल्या, "मास्तरांना सांगशील आणि मास्तर गप बसतील व्हय?" तुम्ही गप्प बसला नसतात, हे मलाही ठाऊक होतं. मी ठरवलं, नणंदेचं लग्न होऊ दे, मग सांगू.

तेवढ्यात मुंबईचे साहेब आले. जुन्या इमारतींपैकी कोणत्या जपायच्या याची पाहणी होती आणि तुम्ही वर्षभर अर्ज करून त्यांना रेवदंड्याला आणलं होतं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, सातवा महिना होता. तुम्ही काळा कोट घातला होता, तो आईने रात्रभर गादीखाली दाबून ठेवला होता. देवळापाशी मी साहेबांसाठी शहाळी घेऊन उभी होते. तुम्ही सगळं सांगितलंत, अगदी मन लावून, आणि शेवटी त्या दगडाचं सांगितलंत. साहेबांनी विचारलं, "कुठे आहे तो?" तुम्ही जमिनीकडे बोट केलंत. तिथे नुसतं गवत होतं. गर्दीतून कुणी म्हणालं, "मास्तरांना सपनात दिसला असंल!" आणि सगळे हसले. साहेबही थोडे हसले. तुम्ही कुणाकडे पाहिलं नाहीत, फक्त टोपी काढून पुन्हा घातलीत. मी तुमच्यापासून चार पावलांवर होते. चौल काही लांब नाही, बैलगाडीने तासाभरात दगड दाखवता आला असता. मी म्हटलं, "साहेब, शहाळं घ्या." एवढंच माझ्या तोंडून निघालं. साहेबांनी आपल्या नकाशात मनोऱ्यावर खूण केली. देवळावर केली नाही. पुढच्या दोन पावसाळ्यांत देवळाच्या तीन भिंती गाड्यांतून गेल्या, आणि तुम्ही गाड्यांपुढे उभं राहणं सोडलंत.

पुढे संक्रांतीला तुम्ही तिळगूळ घेऊन आमच्याकडे आलात. तुम्ही फाटकातून येताना मला दिसलात. पाहुणा आला की आधी विहिरीवर पाय धुणार, ती आपल्याकडची रीतच आहे. मी धावत मागच्या दारी गेले, होतं नव्हतं ते सगळं धुणं भिजवलं आणि दगडावर लादलं. लुगडी, धोतरं, बाळाची दुपटी, एक घोंगडीसुद्धा. तुम्ही आलात, दोणीतून तांब्याने पाणी घेतलंत आणि त्या ढिगाशेजारी उभे राहून पाय धुतलेत. मग ढिगाकडे पाहून म्हणालात, "एवढं धुणं एकटी धुतेस? फार राबवतात का गं तुला?" मी नाही म्हटलं. तुम्हाला ते खरं वाटलं नाही. जाताना ओटीवर तुम्ही सासूबाईंना हात जोडून म्हणालात, "पोर नाजूक आहे, जरा सांभाळा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. तुम्ही गेल्यावर मी ते स्वच्छ धुणं पुन्हा पिळलं आणि वाळत घातलं.

नणंदेचं लग्न झालं. ती नांदायला गेली, तिला मुलगा झाला. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. पण सांगायचं म्हणजे कधीपासून माहीत होतं तेही सांगावं लागणार, आणि शहाळ्यांच्या दिवशी मी तिथे उभी होते हे तुम्ही विसरला नसतात. मी या दिवाळीला सांगू, त्या शिमग्याला सांगू करत राहिले. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी मी धुणंच धूत होते. निरोप घेऊन आलेल्या माणसाने विहिरीवर येऊन सांगितलं. मला रडू आलं नाही. आधी मनात आलं, सुटले. अण्णा, तुम्ही गेल्यावर तुमच्या पोरीच्या मनात पहिला शब्द हा आला. त्यानंतर रडू आलं ते आवरेना.

तुम्ही कोटावर लिहिलेली वही आई गेल्यापासून माझ्याकडे आहे. प्रत्येक इमारतीला एक पान. देवळाच्या पानाच्या तळाशी तुम्ही लिहिलं आहे: "घडविणारा पाथरवट" आणि पुढे ओळ कोरी. ती भरायची म्हणून मी परवा रेवदंड्याहून परतल्यावर विहिरीवर गेले. आता पंप बसला आहे, रहाट नाही, दगड मात्र तिथेच. पाणी ओतून हात फिरवला, कोळसा घासून पाहिला. काही नाही, सगळा गुळगुळीत. पालथा होता तोवर अक्षरं शाबूत होती. अक्षरं वर आल्यावर तो पुन्हा पालथा करून घ्या, असं मी यांना एका शब्दाने सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण अक्षरांच्या बाजूने मळ चांगला निघायचा. मुलांचे कपडे, शाळेचे सदरे, सगळं मी त्याच्यावर घासलं, इतकी वर्षं, माझ्याच हातांनी.

हे कागद मी पोस्टात टाकणार नाही, आणि मुलांनाही दाखवणार नाही. वहीतली ओळ कोरीच आहे. त्या पहिल्या सकाळी, सासूबाई यायच्या आधी, मी ते नाव वाचलं होतं, अण्णा. नीट, बोट ठेवून, मोठ्याने वाचलं होतं. ते मला आता आठवत नाही.