आजीच्या बोटांनी निवडलेली कडी

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस आजीचे अ. आ. वि. वि.

तुझं खोकं पोचलं. मला वाटलं गुडघ्याचं तेल असेल, तर आत दोन कड्या, एक लहान, एक मोठी. तुम्ही गिर्यारोहक त्याला कॅराबिनर म्हणता, मी आपली कडीच म्हणते. वर थंडीत तुझी बोटं माझ्या संधिवाताच्या बोटांसारखी आखडतात, गेल्या खेपेला एका हाताने दोर कडीत अडकवता येईना आणि निम्म्यातून उतरावं लागलं. म्हणून यंदा कुठली घ्यायची ते आजीच्या बोटांना विचारायचं, असं लिहिलंस. मी चष्मा पुसून परत वाचलं. अगं, या घरात मी कप उचलला तरी तुझी आई धावत येते.

आजोबा लगेच तराजू घेऊन बसले. म्हणाले, मोठी कडीसुद्धा लसणाच्या गड्ड्याएवढी भरत नाही, पोरीने न्याहारी जरा कमी केली तर सहज नेईल. मी म्हटलं, अशा ढीगभर कमरेला अडकवून जिना चढून दाखवा. मग तराजू फडताळात गेला.

दुपारी भांडी घासून झाल्यावर दोन्हींत कपड्यांची दोरी अडकवून पाहिली. दोन्हींचं तारेचं दार उघडलं. लहानी किती गोड आहे, आणि हलकी. तीच घे. शनिवारी तुझी खरेदी, आणि तिकडे तळावर फोन लागत नाही, म्हणून पत्र आजच टाकते.

लोभ आहेच, तो तिकडूनही येत राहू दे.

तुझी आजी

५ फेब्रुवारी

चि. खारूताईस अ. आ. घाईत लिहिते.

कालचं सगळं मागे घेते. आज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, सहज कड्या हातात घेतल्या. लहानीचं दार काही केल्या दबेना. बोट फटीत शिरेना, अंगठा घसरे. मोठीचं उघडलं, जरा जोर लागला इतकंच. मग डोक्यात उजेड पडला. काल मी गरम पाण्यात भांडी घासून उठले होते, हात मऊ झालेले. तुला वर कोण गरम पाणी देणार?

आजोबा म्हणाले, तुला कुठल्याही गोष्टीला दम म्हणून नाही. एवढं बोलून स्वतःच चपला घालून जलद टपालाने हे टाकायला दारात उभे आहेत. मोठी घे. लहान घेतल्या असशील तर बदल.

रागावू नकोस, माया राखून अस.

आजी

२६ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पहिलं पत्र वाचून मी लहान कड्या घेतल्याही होत्या. दुसरं आलं तेव्हा पिशवी भरत होते. दुकानदारबाईंनी बदलून दिल्या, वर म्हणाल्या, आजींना इकडे कामाला पाठव. जोडीदारीण ओझ्यावरून कुरकुरली, मग तिनेच खाण्याचे जादा डबे मागे ठेवले.

शेवटच्या टप्प्यावर वारा सुटला. बोटांना काही कळेना. डाव्या हाताने खडक धरून उजव्याने अंदाजाने दोर ढकलला. दार उघडलं, दोर आत गेला. लगेचच माझा पाय निसटला. जोडीदारणीने दोर आवळला आणि मी त्या कडीवर लोंबत राहिले. लागलं नाही. आईला सांगू नकोस. नंतर माथ्यावर जाऊन सुखरूप उतरलो, आता घरीच येते.

आजी, तिथे बोटं तशी झाली तेव्हा कळलं, तुझी रोज सकाळ अशी असते. मी कधी विचारलंच नव्हतं. खूप दुखतात का गं?

तुझ्या मायेत मला अशीच ठेव.

खारूताई

३ मार्च

चि. खारूताईस अ. आ. वि. वि.

दुखतात गं. कुणी विचारत नाही म्हणून मी सांगत नाही, आणि मी सांगत नाही म्हणून कुणी विचारत नाही, असं चाललंय. तू विचारलंस, बरं वाटलं.

पाय निसटला ते वाचून मी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. आजोबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पोरगी घरी येतेय.

ये लवकर, वाट पाहते.

तुझी आजी