रिकामी फेरी

प्रिय ठमे,

पत्र बघून हसशील. फोन हाताशी असताना म्हातारा लिहीत काय बसलाय, म्हणशील. पण फोनवर तू 'सगळं ठीक आहे बाबा' एवढंच म्हणतेस आणि बाळ उठलं म्हणून ठेवून देतेस. पत्राचं तसं नाही. बाळ उठलं तर उशीखाली सरकव, झोपलं की पुढचं वाच.

आमचं दुकान बरं चाललंय. बागेच्या फाटकासमोर बाबागाड्या भाड्याने द्यायचं काढलं, तेव्हा तूच मला चिडवलं होतंस, की जन्मभर सायकलींची पंक्चरं काढली, आता हे काय नवीन खूळ! चाक ते चाकच, असं मी ऐटीत म्हणालो होतो. आता कळतंय की सायकलवरचं गिऱ्हाईक निदान चाकावर शू तरी करत नाही. आतल्या खोलीत जिथे टायर टांगलेले असायचे, तिथे तुझ्या आईने पडदा लावलाय, हाताची खुर्ची ठेवलीय, दुपटी बदलायला टेबल, बाटलीसाठी गरम पाणी. अंगावर पाजणाऱ्या बाया तिथे निवांत बसतात, आणि मला प्रवेश बंद. चहाचा कप हवा असला तरी पडद्याबाहेरून हाक मारावी लागते. स्वतःच्या दुकानात उपरा झालोय मी.

परवा सायकलच्या दांड्यावरची तुझी ती छोटी सीट सापडली. संध्याकाळी दुकान बंद केलं की तुला तीवर बसवून हिंडवायचो. वाटेत कुणी नसलं तरी घंटी वाजवायचीस, झाडांनासुद्धा 'बाजूला व्हा' म्हणायचीस. पायाला भिंगरी होती तुझ्या. कॉलेजात असताना तर आई म्हणायची, ही घरी फक्त कपडे बदलायला येते. मागच्या महिन्यात आम्ही तुझ्याकडे आलो तेव्हा भर दुपारी पडदे ओढलेले होते, आणि दाराशी तुझ्या चपलांवर धुळीचा थर होता. परतताना बसमध्ये आईने खिडकीकडे तोंड केलं ते उतरेपर्यंत.

मग जावईबापूंना मी खोदून खोदून विचारलं. त्यांच्यावर रागावू नकोस. बाळाला घेऊन तू एकटी निघालीस, बसमध्ये त्याने रडून आकांत मांडला, आणि जो तो तुला शिकवायला लागला, हे त्यांनी सांगितलं. तू अर्ध्या वाटेत उतरलीस आणि उन्हातून चालत घरी आलीस म्हणे. तेव्हापासून उंबरा ओलांडला नाहीस. त्या बसमधल्या एकेकाला धरून आमच्या दुकानात दिवसभर बसवावं, असं मला वाटलं. तान्ह्या पोराला गप्प करणं म्हणजे काय असतं ते कळलं असतं लेकाच्यांना.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. बाळाला गाडीत ठेवण्याआधी रिकामी गाडी घेऊन फाटकापर्यंत एक फेरी मारायची. ब्रेक कळतो, दांडा किती उंच हवा ते कळतं, पायरीवर चाकं कशी चढवायची ते कळतं. तोवर बाळ तुझ्या आईच्या मांडीवर. गेल्या आठवड्यात एक बाई आली, दोन्ही खांद्यांना पिशव्या, चेहरा ओढलेला. बाळ द्यायलाच तयार होईना. शेवटी आईने जवळजवळ काढूनच घेतलं. बाई गाडी घेऊन गेली ती गेलीच! इकडे पोराने दुकान डोक्यावर घेतलं. मी धावत शोधायला गेलो, तर ही बागेतल्या तळ्याकाठच्या बाकावर, शेजारी गाडी, हातात आइसक्रीम. फाटकाशी पाय मागे वळलेच नाहीत म्हणाली. वाटेत एका आजोबांनी वाकून गाडीत 'आगुगु' केलं, तर आत हिची पर्स! त्यांचा हिरमोड नको म्हणून तिने 'झोपलंय' सांगितलं आणि पुढे निघाली. हे सांगताना ती खो खो हसली, आणि हसता हसता रडायला लागली. आइसक्रीम वितळतंय, खाऊन घ्या, एवढंच म्हणालो. घरी आल्यावर आईने मलाच झापलं. म्हणाली, यापुढे रिकाम्या फेरीला गेलेल्या बाईला शोधायला जायचं नाही.

ठमे, हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की रविवारी सकाळी आम्ही दोघं येतोय. आई वर येऊन बाळाला घेईल. रडेल तो, रडू दे, तुझाच मुलगा आहे, गळा खणखणीतच असणार. मी लाल छताची गाडी घेऊन खाली जिन्यापाशी उभा राहीन. बागेत यायचं नाही, बसमध्ये चढायचं नाही, बाळाला आणायचं नाही. तू एकटी उतर आणि रिकामी गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. पाय पुढे गेले तर जाऊ दे, मी शोधायला येणार नाही. आणि त्या दिवशी नाहीच उतरावंसं वाटलं, तर मी गाडी ढकलत परत जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन, त्याच्या पुढच्याही. तुझी फार आठवण येते गं. चपला मी मागच्या खेपेलाच पुसून ठेवल्यात.

तुझाच,
घंटीवाला बाबा