तिसऱ्या मजल्याचा फिल्टर

३ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! बसून काम. अख्ख्या इमारतीची ऊब, हवा, पंखे सगळं तळघरातल्या एका कंट्रोलरवर चालतं, आपण पडद्याकडे बघत राहायचं. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या पाळणाघरात चिऊला जागा मिळाली. लेक डोक्यावर, मी पायाशी, आणखी काय हवं! मला शिकवणारे नाना निवृत्तीला टेकलेत. त्यांचा कप बघवत नाही, आत साय वाळून चिकटलेली. मी नाक मुरडलं तर हसले.

४ तारीख
आज अलार्म शिकले. प्रत्येक आकड्याला मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडून आकडा मिनिटभर तिथेच राहिला, की पडद्यावर आणि त्या खोलीतल्या सेन्सरवर लाल दिवा लुकलुकतो, खाली भोंगा वाजतो. ‘मान्य’ दाबलं की भोंगा गप्प, दिवा स्थिर. म्हणजे कुणीतरी पाहिलं, एवढंच. बिघाड गेल्याशिवाय दिवा विझत नाही. नाना म्हणाले, दाबायचं आणि चहा प्यायचा.

६ तारीख
तिसऱ्या मजल्याचा फिल्टर तुंबल्याचा अलार्म दिवसभर. त्याच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबात जितका फरक, तितका तो तुंबलेला. वर जाऊन बघते म्हटलं, तर नाना म्हणाले, कशाला डोक्याला ताप, मर्यादा वाढव. जुन्या नोंदी पाहिल्या, मर्यादा आधीही अशीच वाढवत नेलेली: अडीचशे, चारशे, सातशे. मी नऊशे केली. दिवा विझला, जीव भांड्यात पडला.
चिऊला खोकला झालाय.

१० तारीख
चिऊच्या रुमालात केस निघाला. ओला, हातभर लांब. आमच्या घरात एवढे केस कुणाचेच नाहीत. शिसारी आली.

११, सकाळ
चिऊला सोडलं आणि तशीच जाऊन फिल्टरचं झाकण उघडलं. धूळ असती तर बरं. गुलाबी, चिकट साय, केसांनी भरलेली. कोमट. बोट लागलं. दहादा साबण लावला, वास जात नाही. हीच हवा पोरं छातीत घेतायत, आणि मर्यादा वाढवली मी. स्वतःचीच किळस येते.
खाली येऊन तिथला पंखा बंद केला. दाबातला फरक शून्यावर यायला हवा. येत नाही. चढतो, उतरतो, चढतो. मिनिटाला अठरा वेळा, मोजले. नाना म्हणतात, सेन्सर बिघडला असेल. चिऊला आणायला वर जाते—

११, थोड्या वेळाने
पाळणाघरात आहे. ताईंनी बाकीची मुलं अंगणात नेलीत, खोकते म्हणून चिऊला इथेच निजवलंय. मी आत आले नि दार मागे लागलं. उघडत नाही. पंखा बंद, तरी हवा दार ओढून धरतेय. हाका मारल्या, कुणी नाही. फोन खाली. ही वही तेवढी खिशात.

खाली अलार्म वाजावा म्हणून भिंतीवरच्या तापमानाच्या सेन्सरवर मिनिटभर तळहात धरला, तोंडाची वाफ सोडली. आकडा चढला. लाल, लुकलुक. नाना, बघा, वर या—
दिवा स्थिर झाला.
पुन्हा केलं. पुन्हा स्थिर. अहो नाना, नुसतं दाबू नका—

छताची जाळी फुगलीय. ओलं काहीतरी, केस — चाचपडत खाली — उशीपर्यंत—

चिऊला उचललं. खोकला थांबलाय. तोंडात काय आहे — ओढतेय, ओढतेय, संपतच नाही — कोमट — आणि दुसरं टोक वरून कुणीतरी ओढ