रेनकोटातला माणूस

राई, कुवेत
११ मार्च २००५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सुखदाने त्यात काढून पाठवलेला मासा मी वर्कशॉपमध्ये टेबलासमोर चिकटवला आहे. आमचा सुपरवायझर त्याला विमान समजला. बाकी इथे ठीक. दिवसभर गॅरेजांच्या आणि टायरच्या दुकानांच्या पाट्या करतो. अरबी अक्षरं जुळवताना आता अडखळत नाही.

तुझ्याकडे एक काम आहे. माझ्या खोलीत राहणारा जयप्रकाश, तो कॉम्प्युटरवाला, त्याने दोन वर्षांचे सुट्टीचे शुक्रवार घालून एक भुताचा गेम तयार केलाय. बेटावरचं घर, घरात आपण एकटे, बाहेर वादळ, आणि दार वाजतं. एवढंच आहे, पण खेळताना मी दोनदा उठून दिवा लावला. आता तो इंटरनेटवरच्या एका दुकानात विकायला ठेवलाय. तिथे अशा गेमांची रांगच असते. प्रत्येकाला पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आणि खाली चार ओळी. लोक नजर फिरवतात आणि पुढे जातात. आमच्यावरूनही तसेच जातात.

चित्र मी काढलंय: कवटी, रक्त, लाल अक्षरं. मजकूर जयप्रकाशचा: अत्यंत भयानक, थरारक, रक्त गोठवणारा अनुभव. तू शाळेत निबंध तपासतेस, तसा हाही तपास. मराठीतच लिही, तो इंग्रजी करून घेईल.

सुखदाला गोड पापा. तब्येतीला जप.

तुझा,
दत्ता

वेंगुर्ले
२८ मार्च २००५

चि. दत्तास अनेक आशीर्वाद.

माशाचं विमान झालं हे ऐकून सुखदा तुझ्या सुपरवायझरवर रागावली आहे. त्याला मासे मिळत नाहीत का, असं विचारत होती.

मजकूर वाचला. सातवीतल्या मुलाने लिहिला असता तर मी सगळी विशेषणं खोडून परत दिला असता. घाबरा म्हटल्याने कोणी घाबरत नाही रे. काय घडतं ते सांगा आणि गप्प बसा. मी असं लिहीन: ‘बेटावर तुम्ही एकटेच आहात. दार वाजतं. बाहेरचा माणूस तुम्हाला नावाने हाक मारतो. त्याचं नाव विचारल्याशिवाय दार उघडू नका.’ यापुढे एक शब्द नको. भुताचं तर नावही काढू नका.

घरचं म्हणशील तर सुखदा तुझ्या भाऊजींबद्दल फार विचारते हल्ली. आता बोटीचं नाव विचारायला लागली आहे. मी अजून तेच सांगते, की बाबा लांबच्या मोठ्या बोटीवर आहे. यांचा मासेमारीचा ट्रॉलर बुडाला त्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. सगळ्या गावाला माहीत आहे, तिला सोडून. यांचं काहीच हाती लागलं नाही, त्यामुळे ‘ते गेले’ हे वाक्य माझ्याही तोंडून निघत नाही. हे फोनवर बोलता येत नाही, ती शेजारीच असते.

उन्हात फिरू नकोस. पत्राची वाट पाहते.

तारा

राई, कुवेत
६ मे २००५

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या ओळी जशाच्या तशा घेतल्या. जयप्रकाश म्हणाला, ताईंना इकडे बोलावून घेऊ.

मग माझं चित्र मलाच लाजवायला लागलं. तिकिटाएवढं छापून समोरच्या भिंतीवर लावलं आणि दारात उभं राहून पाहिलं. कवटी नव्हतीच, नुसता लाल डाग. शिवाय रांगेत जो तो राक्षस दाखवतो. आपण ज्याला दार उघडू असं वाटेल, असा माणूस हवा होता. पाच माणसं काढली, पाचही फुकट गेली. सहाव्या चित्रात काळोख, त्यात पिवळा रेनकोट घातलेला उंच माणूस दारात उभा. चेहरा दिसत नाही. खोलीच्या पलीकडूनही नजर तिथेच जाते.

आता लोक थांबतात. घेतात. कोणी लांबच्या देशातून लिहितं की ते चित्र उघडं ठेवून झोपवत नाही. जयप्रकाशने शर्कच्या मासळीबाजारातून पापलेटं आणून खिलवली.

आपल्या वाडीतला विठ्ठल सुट्टीवर येतोय. त्याच्याबरोबर चॉकलेटं आणि ते चित्र, खाली तुझ्या ओळींचं इंग्रजी, असा छापील कागद पाठवतोय. खरं तर पाठवू की नको असं झालं होतं. पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. पाहून काय वाटलं ते कळव. काही वाटलं नाही तर उत्तमच.

मुलीला आशीर्वाद, तुला नमस्कार.

दत्ता

वेंगुर्ले
३० मे २००५

चि. दत्तास आशीर्वाद.

पुडकं सुखदाने उघडलं. चॉकलेटं बाजूला ठेवली आणि कागद उचलून म्हणाली, बाबा.

चेहरा नाहीये, पण वरच्या चौकटीवर टेकवलेला हात आहे आणि वाकवलेली मान आहे. आपलं दार ठेंगणं, हे उंच. आत येताना दर वेळी असेच उभे राहायचे. ती तेव्हा चार वर्षांची होती. मला वाटायचं, तिला काही आठवत नसेल.

कागद तिने उशाशी ठेवलाय. तिन्हीसांजेला कडी काढून ठेवते. मी लावली की पुन्हा काढते. खालचं इंग्रजी विठ्ठलकडून वाचून घेतलंन. बाबाला स्वतःच्या घरी यायला नाव का सांगावं लागेल, असं मला विचारलंन. ते वाक्य माझंच आहे, दत्ता.

पहिल्या दिवशी तुझा फार राग आला. मग वाटलं, ते येणार आहेत असं तिला मीच सांगत आले. ती दार उघडं ठेवते यात तिचं काय चुकलं?

पण तू विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं की नाही, मलाही माहीत नाही. तरी विचारायला हवं होतंस.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तारा

राई, कुवेत
१७ जून २००५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

चार वेळा लिहून फाडलं. बाहेर धुळीचं वादळ आहे, वर्कशॉप बंद आहे, त्यामुळे आज लिहायचं टाळायला निमित्त उरलं नाही.

मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा भाऊजींचा दारातला फोटो काढला होता. तो समोर ठेवून चित्र काढलं. नुसती उभं राहण्याची ढब घेतोय, असं स्वतःला समजावत होतो. ते खोटं होतं. आधीची पाच माणसं फुकट गेली, कारण त्यांची कोणी वाट पाहत नव्हतं. भाऊजींचा हात चौकटीवर टेकवला आणि मीच मागे वळून दाराकडे पाहिलं. तेव्हाच कळलं की हे चित्र चालणार. म्हणूनच ठेवलं. तुमचं वाट पाहणं मी दुकानात मांडलं, ताई. कागद पाठवला तोही तुला ओळखू येऊ नये या आशेने. म्हणजे मी सुटलो असतो.

जयप्रकाशला सगळं सांगितलं. आधी तो म्हणाला, चेहरा तर दिसत नाही, आणि लोक येतात ते याच चित्रामुळे. त्याचंही खरं होतं, दोन वर्षांची मेहनत त्याची आहे. दुसऱ्या दिवशी त्यानेच ते काढून टाकलं. आता तिथे बंद दार आहे आणि फटीतून येणारा उजेड. पूर्वीइतके लोक थांबत नाहीत. त्याच्याबद्दलही मला अपराधी वाटतं.

जी चित्रं लोकांकडे गेली ती परत आणता येत नाहीत. तुझी ओळही काढायची का, ते सांग. सुखदाशी काय बोलावं, मला सुचत नाही.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

दत्ता

वेंगुर्ले
५ जुलै २००५

चि. दत्तास अनेक आशीर्वाद.

सुखदाला सांगितलं. रविवारी दुपारी मागच्या पडवीत बसवून सगळं सांगितलं. बोट बुडाली, बाबा येणार नाही, आणि इतके दिवस मी खोटं बोलले, हेही. पाणी गार होतं का, एवढंच तिने विचारलं. मला माहीत नाही म्हटलं. मग रडली. मीही रडले, तीन वर्षांत तिच्यासमोर पहिल्यांदाच. संध्याकाळी कडी तिनेच लावली.

चित्र काढलंत ते बरं केलंत. ओळ राहू दे. ती माझी आहे, मी कोणाकडून चोरलेली नाही. जयप्रकाशला माझा आशीर्वाद सांग. त्याच्या बंद दारासमोरही लोक थांबतील, जरा धीर धरा.

तो कागद टाकून देऊ का, असं विचारलं तर सुखदा नको म्हणाली. म्हणाली, मामाला सांग, चित्रात बाबाला घरात घेऊन काढ. त्याचे केस पुसलेले काढ.

तेव्हा हे काम घे. तिकिटाएवढं करू नकोस, लांबून ओळखू आलं नाही तरी चालेल. चेहरा मात्र नीट काढ. मला आताशा तो सगळा आठवत नाही.

तुझ्यावर माया होती तेवढीच आहे. तू फार मनाला लावून घेऊ नकोस.

तारा