आईचं ‘वगैरे’ आणि बोलतं पुस्तक

चि. छकुलीस ताईचा एक धपाटा आणि भरपूर आशीर्वाद. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या आईला नमस्कार.

मी इकडे परदेशात मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेला.

बातमी ऐक. तुझ्या कायद्याच्या जाडजूड पुस्तकाची बोलती सीडी आमच्या ग्रंथालयात तीन वर्षं पडून होती. पुस्तकाचे हक्क प्रकाशकाचे, म्हणून ती देशाबाहेर पाठवायला बंदी. मी ग्रंथालयाच्या साहेबांशी कितीदा भांडले! ते म्हणायचे, “बाई, कायद्याचं पुस्तक कायदा मोडून पाठवू का?”

आता देशादेशांत करार झालाय. डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी केलेली पुस्तकं सरहद्दीपार पाठवता येतात. इकडे आणि तिकडे आपल्या देशातही तो लागू झाला. काल साहेबांनी सही केली आणि मी स्वतः सीडी पोस्टात टाकून आले.

आता तुला वाचून दाखवताना अवघड इंग्रजी शब्द आला की आईसारखं ‘वगैरे’ म्हणून कुणी पुढे जाणार नाही. मागच्या परीक्षेत लेखनिकाला तूही ‘वगैरे’ सांगून आलीस! नापास झालीस, आणि आई दोन दिवस धड जेवली नाही.

आई, हे वाक्य गाळू नकोस: ती इथवर आली ती तुझ्याच घशावर. आता त्याला जरा आराम दे.

परीक्षा कधी आहे? बाबांचा गुडघा काय म्हणतो?

माझी पत्रं मात्र आईनेच वाचायची, छकुले. तिच्या आवाजात वाचली जातात, तेवढा वेळ मीही घरात असते.

तुम्हा सगळ्यांची,
ताई