एक इंच पावसाचा हौद

जनवाडा, ता. बिदर
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय बंडेप्पा,

तुला किशनरावाचा शरणु, महानंदावहिनींना नमस्कार. वहिनींचे गुडघे गुलबर्ग्याच्या लिफ्टमुळे सुधारले, की आणखी आळसावले? किरणकुमारचं पित्त कसं आहे? सूनबाई नेत्रावतीची सर्दी गेली का? तुझी तब्येत शेवटी विचारतो, कारण ती चांगलीच असणार. भांडायला कुणी नसलं की माणूस फुगतो. इकडे नागूबाईची कंबर बरी, मी बरा, आणि सून रेणुका माझ्यापेक्षा हुशार निघाली. कशी, ते पुढे कळेल.

फोन का केला नाही म्हणशील. तू बोलायला लागलास की किरणकुमार स्पीकर लावतो आणि सगळं घर 'हं हं' करतं. काही गोष्टी स्पीकरवर बोलता येत नाहीत.

तर बातमी अशी, की मी परसात हौद बांधला. तुझ्या छताच्या पाण्यासाठी. जन्मभर तुझी पन्हाळ माझ्या अंगणात ओतत राहिली आणि जन्मभर आपण तिच्यावरून तंडलो. तू घराला कुलूप लावून लेकाकडे गेलास, पाण्याला लावायचं राहिलं. म्हटलं, साठवू तरी.

छताचं माप आयतंच मिळालं. आषाढात एक माणूस टेप घेऊन आला. मला वाटलं, तू डागडुजी काढलीस. आनंदानं टेपचं दुसरं टोक मीच धरलं. चाळीस फूट लांब, तीस रुंद. वर चहा पाजला. चहा संपल्यावर तो म्हणाला, "काका, गिऱ्हाईक बघायला सांगितलंय. घर विकायचंय."

असो. हौदाचं सांगत होतो.

चाळीस गुणिले तीस, बाराशे. त्यावर एक इंच पाऊस. बाराशे गुणिले एक, झाले बाराशे घनफूट. एका घनफुटात अठ्ठावीस लिटर बसतात, हे मला पाठ. म्हणजे एकेका इंचाला तेहतीस हजार सहाशे लिटर! आकडा बघूनच मला तहान लागली. लगेच जेसीबी बोलावला. बारा फूट लांब, दहा रुंद, दहा खोल. आतून सिमेंट, आणि तुझ्या पन्हाळीपासून हौदापर्यंत पाइप. नागूबाई काठावरून वाकून म्हणाली, "अहो, ह्यात पाणी भरणार हाव का मला ढकलणार हाव?"

मग पाऊस आला. अंगणात तुपाचा उभा डबा ठेवला होता, त्यात पट्टी घालून बघितलं. बरोबर एक इंच. धावत हौदाकडे गेलो, शिडी लावून उतरलो. पाणी पोटरीपर्यंत! मी पाइपाला शिव्या दिल्या, गवंड्याला दिल्या. बंडेप्पानं जाता जाता छताला भोक पाडलं असेल, असंही बोललो. माफ कर.

रेणुका भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, छत फुटात मोजलं नि पाऊस इंचात. दोन्हीचा गुणाकार कसा करायलाव?"

"कामून? आकडे ते आकडेच की."

"फूटभर पाऊस पडला असता तर बाराशे. इंच म्हणजे फुटाचा बारावा हिस्सा. बाराशेला बारानं भागा. शंभर घनफूट, अठ्ठावीसशे लिटर. तेवढंच आलंय."

"मग आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. जेसीबीच्या आवाजात तुमी ऐकायलाव कुठं!"

आता येणारा-जाणारा विचारतो, काका, पोहायला कधी यायचं? हौद भरायला फूटभर पाऊस लागेल, तोही तुझं सगळं छत धरून. माझे पत्रे रस्त्याकडे उतरतात, त्यांचा उपयोग नाही. तुझं छत गेलं की हा नुसता खड्डा.

आता खरं लिहितो. गेल्या रविवारी त्या टेपवाल्यानं गिऱ्हाईक आणलं. उदगीरचा व्यापारी, माणूस सज्जन. त्यानं पाइप बघून विचारलं, "हे पाणी शेजारी कसं जायलंय?"

मी म्हणालो, "त्यावरून जुनं भांडण हाय. अजून मिटलं न्हाई."

भांडणाचं घर नको म्हणून तो पायात जोडे सरकवून निघाला. मी खोटं बोललो नाही, बंडेप्पा. भांडण आहेच आपलं. पण गरजेपेक्षा मोठ्यानं बोललो, हे कबूल. नागूबाई अजून माझ्याशी धड बोलत नाही. "त्यांचं घर, त्यांची अडचण. तुमी कोण मधी पडणार?" म्हणाली. तिचं बरोबर आहे.

घर तुझं आहे. किरणकुमारला तिकडे जागा घ्यायची असेल, तर माझ्या खड्ड्यापायी त्यानं का थांबावं? पुढचं गिऱ्हाईक येईल तेव्हा मी शेताकडे निघून जाईन, शब्द देतो. पण तिथं दुसरा कुणी राहायला आला, तर त्याच्याशी मला जमायचं नाही. तो चांगला निघाला तरी नाही. नवीन भांडण सुरू करून ते जुनं व्हायची वाट बघायला आता वय उरलं नाही.

उत्तर तुझ्या हातानं लिही आणि लवकर लिही. 'विकत नाही' असं असेल तर उद्याच पेटीत टाक. 'विकतो' असं असेल, तर मात्र काही घाई नाही.

तुझ्या भिंतीला भिंत लावून असलेला,
किशनराव