गिरजाच्या मागचं दार

४ मार्च १९५८, जालना
आज फोटोच्या काचेच्या प्लेटा धुताना गिरजा आठवली. वीस वर्षांपूर्वी ती स्टुडिओला पाणी भरायची. हे होते तेव्हा. दुपारी मागच्या पायरीवर दोघी गूळ-शेंगदाणे खात बसायचो आणि ती ओल्या काचा उन्हाकडे धरून बघायची. निगेटिव्हमध्ये नवरीचं तोंड काळं, केस पांढरे. "हिचं लगीन लई उशिरा लागलं, माई." ठसका लागेपर्यंत हसायचो. पुढे ती जिनिंगमध्ये, कापसाच्या गिरणीत, कामाला लागली, मग तिची मुलगी शेवंताही.

शेवंता डिसेंबरात गेली. जिनिंगच्या आगीत, आणखी दोघींबरोबर.

आजच्या टपालात वसंताचं पत्र. मी काढलेल्या गिरजाच्या फोटोला मुंबईच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस. भाचा हौशी, त्यानेच फोटो नेला, त्यानेच नाव दिलं, 'वेदना'. वर्तमानपत्रातही छापून आलाय.

आनंद झाला. खोटं कशाला लिहू. चहा होईपर्यंत टिकला.

५ मार्च
नीट लिहून ठेवते. आगीच्या दिवशी शाळेचा ग्रुप फोटो काढून परतत होते. एकच प्लेट उरलेली. धूर दिसला, टांगा वळवला. लोक पत्रा फाडून बाया बाहेर काढत होते. गिरजा बाहेर, मागच्या दाराशी, दोन्ही तळवे मातीत टेकून बसलेली. मी स्टँड उभा केला. फोकस जुळवला. प्लेटवर फोटो घेतला. मग तिच्याजवळ गेले.

आधी प्लेट, मग गिरजा. हा क्रम आता बदलत नाही. मिशनच्या कॉन्व्हेंटात बायबलच्या दहाही आज्ञा तोंडपाठ करून घेतल्या होत्या. हे त्यातल्या कुठल्या आज्ञेत बसतं ते मदरनी सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार
फोटो घेऊन गिरजाकडे गेले. बक्षिसाचं सांगितलं. तुला न विचारता काढला, हेही. तिने तो उन्हाकडे धरला. वाटलं, फाडेल.

"माई, दार कुठं हाय?"

"कुठलं?"

"माझ्या मागं दार व्हतं. कुलूप व्हतं त्याला. म्या काय हवेत बसल्ते का?"

सांगितलं, माणूस उठून दिसावं म्हणून मागचा भाग आम्ही काचेवर लाल रंगाने बुजवतो. छापला की तेवढं पांढरं येतं. लग्नाच्या फोटोत नेहमी करतो. पोपडे आलेली भिंत, दोरीवरची धुणी, सगळं जातं.

"नवरीमागचं चिरगूट जाऊ दे. दार म्हंजी चिरगूट न्हाई."

बाया ओटीतून कापूस नेतात म्हणून बाहेरून कुलूप. रोजचंच. ते मी बुजवलं, हात सरावाने चालला म्हणून. विचारसुद्धा केला नाही.

११ मार्च
जिनिंगचे मुनीम आले, पेढे घेऊन. शेठना फोटो फार आवडला. कचेरीत मोठा करून लावायचाय, तर प्लेट द्यावी. म्हटलं, प्लेट देत नसते मी.

मग खुर्ची पुढे ओढून, "औरंगाबादेहून आगीच्या चौकशीचे साहेब येऊन राह्यले पुढच्या आठवड्यात. लोक बोलून राह्यले, दाराला कुलूप होतं. आता तुमच्या फोटोत बराबर दिसतंय ना, मागं बिलकुल काही न्हाई."

"दार होतं तिथे. कुलूपही होतं."

"मिशनबाई, इनाम मिळालेला फोटो तुम्हीच खोटा म्हणता का?"

पेढे त्यांच्या हातात परत दिले.

१२ मार्च
सकाळी ओल्या कापसाने प्लेट पुसायला घेतली. जास्त घासलं तर खालचं चित्रच निघून येईल, म्हणून जीव मुठीत धरून. आधी कडी आली. मग कुलूप. मग धुराने काळ्या झालेल्या फळ्या.

पाच प्रिंट काढले. कलेच्या हिशेबाने फोटो बिघडला. नजर गिरजावरून कुलपावर जाते, तिथून परत तिच्यावर. हे असते तर म्हणाले असते, एका फोटोत दोन विषय नकोत. अहो, एकच आहे.

१६ मार्च
दार पुसून काढल्याचं माझं पत्र मिळताच वसंता स्वतःच आला. नवा प्रिंट खिडकीशी नेऊन पाहिला. "मावशी, दार आलं की हा पोलिसांचा फोटो होतो. मग ते दुःख सगळ्यांचं राहत नाही."

"सगळ्यांचं नव्हतंच. गिरजाचं होतं."

"बक्षीस काढून घेतील."

"घेऊ देत."

मग म्हणाला, "एवढंच होतं तर तू तरी का काढलास? ती तशी बसलेली असताना?"

याचं माझ्याकडे उत्तर नाही म्हणून शेठला कुलूप माफ, असं होत नाही. हे बोलले, आणि मोठ्याने. वसंता रुसून जेवायला बसला, भरीत दोनदा मागून घेतलं.

१८ मार्च
प्रिंट गिरजाला दाखवले. तिचा दीर त्याच जिनिंगमध्ये, खोलीही शेठच्या चाळीतली. म्हटलं, तुला भीती असेल तर तुझं तोंड बुजवते, दार ठेवते. तेही येतं मला.

"त्वांड बुजवलं तर मंग कुणाची पोर गेली म्हनतील?"

प्रिंट माझ्या हातात परत देत, "खोली गेली तं गेली. तू दे सायबाला. म्या संगं येते. बोलनार न्हाई, उभी ऱ्हाते."

२० मार्च
साहेब उद्या येतात. आम्हाला बोलावणं नाही. आम्ही जाणार आहोत. ते बघतील, की बघून बाजूला सारतील, माहीत नाही. मुनीमही असणारच तिथे, वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन. मी सांगणार, तो रंग माझ्या हातचा. बक्षीसवालीनेच खोटेपणा केला म्हणाले तर म्हणोत, केलाच होता.

तिथे काहीही होवो, पुढलं असं व्हावं. एक प्रिंट साहेबांना, टेबलावर ठेवायचा नाही, हातात द्यायचा. एक वसंताने मुंबईला न्यावा आणि आधीचा उतरवून तिथे लावावा. लावू दिला नाही तर प्रमाणपत्र परत करावं. एक शेठना, चांगली चौकट करून. कचेरीत लावायची त्यांचीच इच्छा होती. उरलेले दोन धावडा गावी, शेवंताबरोबर गेलेल्या त्या दोघींच्या घरी. फोटोत त्या नाहीत, पण दार त्यांचंही होतं. माझ्यामागे कॅमेरा वसंताला, आज रागावलाय तरी.

प्लेट गिरजाला. उद्या साहेबांकडून निघालो की तिथेच तिच्या हाती देणार. ठेवो, नाहीतर फोडो. काय केलं ते तिला कुणी विचारू नये. मीही नाही.